अर्धवट मालाचे ओझे

कारखान्यांचा इतिहास लिहिणारे यंत्रांविषयी लिहितात, मालकांविषयी लिहितात, क्वचित कामगारांच्या संपांविषयीही लिहितात. फळीवर पडून राहिलेल्या मालाचा इतिहास मात्र सहसा कोणी लिहीत नाही. आम्ही शाळेच्या पायऱ्या फार चढलो नाही. जे शिकलो ते कारखान्याच्या दारावर आणि गावच्या वाचनालयात. त्या शिकण्यातून आमची एक समजूत पक्की झाली आहे. कोणत्याही धंद्याची नाडी पाहायची असेल तर त्याच्या कचेरीत न जाता, हात लागलेला पण पुरा न झालेला माल जेथे रचून ठेवला आहे तेथे जाऊन उभे राहावे. आज त्या मालाविषयी चार गोष्टी सांगावयाच्या आहेत, आणि त्या पेण-रोह्याच्याच आधाराने सांगावयाच्या आहेत.

कारखान्यात माल तीन अवस्थांत असतो. एक, आणून ठेवलेला कच्चा माल. दुसरा, तयार होऊन गिऱ्हाइकाची वाट पाहणारा पक्का माल. तिसरा या दोहोंच्या मधला. कच्च्या मालाला बाजारात भाव असतो, पक्क्यालाही असतो. मधल्याला बहुधा नसतो. अर्धी शिवलेली बंडी कोणी विकत घेत नाही. पण त्या अर्ध्या बंडीत कापडाचे पैसे गेलेले असतात, दोऱ्याचे गेलेले असतात, आणि शिंप्याचा दिवसही गेलेला असतो. म्हणजे खर्च झाला आहे आणि मोबदला अजून कोठूनच आलेला नाही, अशा अवस्थेतला हा माल. मग तो पुरा होऊन विकला जाईपर्यंतचे दिवस कोणी सोसावयाचे? मालकाने, सावकाराने की मजुराने? मालसाठ्याच्या व्यवस्थेचा सारा इतिहास या एका प्रश्नाच्या उत्तरांचा इतिहास आहे, असे आम्हांस वाटते.

पेणपासूनच आरंभ करू. तळकोकणात ज्याला गणपतीची शाळा म्हणतात, त्याला पेणमध्ये सरळ कारखाना म्हणतात, आणि ते योग्यच आहे. मूर्तिकामाची येथली परंपरा जुनी. देवधर घराण्याचे नाव या धंद्याच्या जुन्या मूर्तिकारांत आजही आदराने घेतले जाते. १८९३-९४ च्या सुमारास लोकमान्यांच्या प्रयत्नाने उत्सवाला सार्वजनिक रूप आले, मुंबई-पुण्याची मागणी वाढत गेली, आणि काम पेण शहरापुरते न राहता हमरापूर, जोहे, कळवे या गावांत घरोघर शिरले. आज या तालुक्यात शेकडो कारखाने आहेत, आणि येथून निघणाऱ्या मूर्तींची मोजणी लाखांत होते.

आता या धंद्याचे वैशिष्ट्य पाहा. विक्री वर्षाच्या अखेरच्या काही आठवड्यांत, काम मात्र जवळजवळ बारा महिने. विसर्जन आटोपून दिवाळी झाली की साच्यांचे काम सुरू होते. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात कच्च्या मूर्ती घडतात, कारण शाडू पावसाळी हवेत लवकर वाळत नाही. मग घासकाम, मग रंग, आणि सर्वांत शेवटी डोळ्यांची आखणी. परदेशी जाणाऱ्या मूर्ती बोटीने जातात, म्हणून त्या आधी तयार कराव्या लागतात. उरलेल्या फळ्यांवर, माळ्यांवर, पडवीत, अंगणात घातलेल्या मांडवात महिनोन् महिने उभ्या असतात. अर्धवट मालाला बाजार नसतो, या नियमाला पेणने एक अपवादही काढला आहे. येथे कच्च्या, म्हणजे बिनरंगाच्या मूर्तीचाच वेगळा व्यापार आहे. बाहेरगावचे रंगारी कच्च्या मूर्ती नेतात आणि आपल्या गावी रंगवितात. ज्या घरात भांडवल थोडे, ते घर कच्ची मूर्ती विकून मोकळे होते. अखेरच्या रंगाचा नफा त्याच्या हाती लागत नाही, पण थांबण्याचे ओझेही उतरते. हा सौदा बरा की वाईट हे ज्याच्या त्याच्या गरजेवर असते. पण थांबण्याला किंमत असते, हे पेणच्या बाईमाणसालाही कोणत्या पुस्तकावाचून कळते.

ही किंमत पंचांगही ठरविते. २०२२ साली गणेशचतुर्थी ३१ ऑगस्टला होती, २०२३ साली अधिक श्रावणामुळे ती १९ सप्टेंबरला आली. दोहोंमध्ये ३८४ दिवस गेले. त्यापुढची ७ सप्टेंबर २०२४ ला, म्हणजे ३५४ दिवसांनी. ज्याने वर्षाच्या बोलीने कर्ज काढले त्याला एका खेपेस एकोणीस दिवसांचे व्याज अधिक पडले, आणि पुढच्या खेपेस कामाचे तीस दिवस कमी मिळाले. जावयांना अधिक मासात वाण मिळते. मूर्तिकाराला व्याज मिळते.

पुढे शाडूच्या जोडीला प्लास्टर आले. गुजरातची शाडू वजनाला जड, वाळावयास दिवस घेणारी आणि प्रवासात जपावी लागणारी. राजस्थानच्या जिप्समपासून केलेले प्लास्टर साच्यात ओतले की थोड्या मिनिटांत धरते; काथ्या घातला की मोठी मूर्तीही पोकळ आणि हलकी निघते. काम झपाट्याने होऊ लागले म्हणजे मालाचा तुंबारा कमी होईल, अशी आपली सहज समजूत होते. घडले उलट. साच्याचे काम वेगाने होऊ लागले, रंगाऱ्याचा हात होता तसाच राहिला.

एक हिशेब मांडून पाहू. समजा, एका कारखान्यात साच्यातून दिवसाला ४० मूर्ती निघतात आणि रंगारी दिवसाला २५ पुऱ्या करतो. रोज १५ मूर्ती मागे राहतात. कामाच्या ६० दिवसांत ९०० मूर्ती रंगाच्या वाटेवर उभ्या राहतील. त्या दिवशी साच्यातून निघालेल्या मूर्तीला रंग लागण्यापूर्वी ९०० भागिले २५, म्हणजे ३६ दिवस थांबावे लागेल. रांगेत उभ्या असलेल्या मालाला पुढे सरकण्याच्या गतीने भागले की थांबण्याचे दिवस निघतात. हा नियम जॉन लिटल या अमेरिकन विद्वानाने १९६१ मध्ये गणिताने सिद्ध केला. त्यासाठी यंत्र लागत नाही. खडू आणि फळा पुरतो.

आता हे ३६ दिवस जातात कोठे? ते श्रावणात रंगाऱ्याच्या डोळ्यांवर येतात. जानेवारीत जो ढीग कोणी मोजला नाही तो ऑगस्टमध्ये रात्रपाळी होऊन उभा राहतो. नगावर मजुरी असली तर ती रात्र कारागिराने आपखुशीने केली असे म्हटले जाते. वस्तुतः ती रात्र सहा महिन्यांपूर्वीच ठरून गेली होती.

येथे कोणी असे समजू नये की आम्ही साठ्याचे वैरी आहोत. हंगामी धंद्याला साठा केल्यावाचून गती नाही. १९८१ पर्यंत कुलाबा म्हणविणाऱ्या या आपल्या जिल्ह्याला आज ज्या गडाचे नाव आहे, त्या गडांचे बळ तटात होते तितकेच अंबारखान्यात होते. रामचंद्रपंत अमात्यांनी इ. स. १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रात गडाच्या सामानाविषयी बारकाईने सांगितले आहे. दारूखाना राहत्या घरापासून दूर असावा, आणि अधिकाऱ्याने ठरावीक दिवसांनी दारू बाहेर काढून तिला ऊन देऊन पुन्हा मोहोर करून ठेवावी, असा त्या सांगण्याचा आशय आहे. त्यात दोन गोष्टी आहेत. साठा किती आणि कोठे आहे याला एक माणूस जबाबदार आहे, आणि साठा राखणे हेच एक काम आहे. जाणून केलेला साठा आणि आपोआप साचलेला ढीग यांत हाच फरक. पहिला सामर्थ्य देतो, दुसरा भांडवल खातो.

भांडवलाची गोष्ट निघाली म्हणून रोह्याचे स्मरण होते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख हे रोह्याचे. १९४३ साली ते त्या पदावर आले. पुढे त्याच बँकेपुढे साठ्याचा प्रश्न उभा राहिला. बँका मालाच्या तारणावर कर्ज देत, म्हणून ज्याच्या गोदामात अधिक माल त्याला अधिक कर्ज. परिणाम असा की उत्पादन वाढले नाही इतके कर्ज वाढले, आणि त्यातले पुष्कळसे साठ्यात अडकले. १९६९ मध्ये देहेजिया समितीने हे दाखवून दिले. १९७५ मध्ये प्रकाश टंडन यांच्या समितीने प्रमुख उद्योगांसाठी मापे घालून दिली. कच्चा माल किती दिवसांचा, चालू कामातला किती दिवसांचा, पक्का किती दिवसांचा, तेवढ्यावरच कर्ज. ढीग हा श्रीमंतीचा पुरावा नाही, हे बँकांनी प्रथमच सर्वत्र लागू केले. मोठ्या कारखान्यांना ही शिस्त लागली आणि तिच्याबरोबर कर्जही मिळाले. पेणच्या पडवीतल्या मूर्तिकाराला शिस्त स्वतःची आणि कर्ज पतपेढीचे किंवा व्यापाऱ्याचे. २०१० मध्ये पेण अर्बन सहकारी बँक बुडीत निघून तिचे व्यवहार थांबले, तेव्हा ठेवीदारांचे हाल सर्वांनी पाहिले. मूर्तिकारासारख्या हंगामी माणसाचे खेळते भांडवल अशा वेळी कोठून यावे, हा विचार फार थोड्यांनी केला.

आता मालकी आणि मजुरी यांच्या नात्याकडे वळू. या जिल्ह्यातली किती घरे एके काळी मुंबईच्या गिरण्यांच्या पगारावर चालत होती हे सांगावयास नको. गिरणीत अर्धवट मालाचे दुखणे दोन तऱ्हांचे. माल कमी पडला तर साळखात्यात सूत नाही, बीम नाही, म्हणून साचा बंद. आणि विणकराची मजुरी तर कापडावर. माल जास्त झाला तर गोदाम भरले म्हणून पाळी बंद. दोन्हीकडून मार मजुराला. १९५३ साली औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती होऊन ले-ऑफची व्याख्या आली. कोळसा, वीज वा कच्चा माल यांचा तुटवडा, यंत्राची मोडतोड, यांच्याबरोबर 'मालाचा साठा साचणे' हेही कारण कायद्याने त्या व्याख्येत घातले, आणि अशा दिवसांसाठी मूळ पगार व महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई ठरविली. आमच्या मते मजुराच्या दृष्टीने साठ्याच्या इतिहासातली ही सर्वांत महत्त्वाची ओळ होय. साचलेल्या मालाचे ओझे सर्वस्वी मजुरावर टाकता येणार नाही, निदान अर्धे उचलावे लागेल, असे राज्याने मान्य केले.

पण त्याच कायद्यात एक फटही होती. पन्नासांहून कमी कामगारांच्या आणि हंगामी स्वरूपाच्या उद्योगांना ही भरपाई लागू नव्हती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली, तिच्यातही ही सूट तशीच आहे. पेणचा कारखाना लहानही आणि हंगामीही. ज्या धंद्यात अर्धवट माल सर्वांत जास्त दिवस उभा राहतो, नेमका तोच धंदा या संरक्षणाबाहेर राहिला.

साठ्याची दुसरी बाजू १९८२ च्या संपाने शिकविली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले. आम्ही तेव्हा शाळकरी वयाचे होतो, पण पुढे जुन्या कार्यकर्त्यांच्या तोंडून एक गोष्ट वारंवार ऐकली. गोदामे न विकल्या गेलेल्या कापडाने भरलेली असताना संप झाला, आणि आरंभीचे महिने मालकांना जड गेले नाहीत. संप फसण्याची कारणे अनेक, ती येथे सांगत बसत नाही. परंतु पक्क्या मालाचे गोदाम हा मालकाचा संपनिधी असतो, हे संघटकाने विसरू नये. मागणीपत्रक लिहिण्यापूर्वी गोदामाकडे नजर टाकावी.

साठ्यातून संप आणि संपातून साठ्याची नवी रीत, असे एक उदाहरण जपानात घडले. दुसऱ्या महायुद्धानंतर टोयोटा मोटार कंपनी बुडण्याच्या बेतात आली. गाड्या तयार होत होत्या, पैसे येत नव्हते. बँकांनी हात दिला तो अटींवर. विक्रीची कंपनी वेगळी करावी आणि खपतील तेवढ्याच गाड्या कराव्यात. १९५० च्या वसंतात कामगार-कपातीविरुद्ध मोठा लढा झाला. सुमारे दोन हजार लोकांना काम सोडावे लागले आणि जूनमध्ये कंपनीचे अध्यक्ष किइचिरो टोयोडा यांनीही पद सोडले. त्याच कारखान्यातल्या ताइइची ओनो यांनी पुढच्या वर्षांत अशी पद्धत बसविली की पुढच्या खात्याने चिठ्ठी पाठविल्यावाचून मागच्या खात्याने नग करावयाचाच नाही. तिलाच कानबान म्हणतात. आमच्या मघाच्या हिशेबात सांगावयाचे तर, रंगाऱ्याने जागा मोकळी झाल्याचे कळविल्याशिवाय साचेवाल्याने पुढची मूर्ती ओतावयाची नाही.

या पद्धतीचे गोडवे जगभर गायले गेले, आणि तिच्यात घेण्यासारखे पुष्कळ आहे. पण मजुराच्या बाजूने दोन गोष्टी जोडाव्या लागतात. मोठ्या कारखान्याने आपले गोदाम रिकामे केले म्हणजे साठा नाहीसा होतोच असे नाही. पुष्कळदा तो लहान पुरवठादाराच्या अंगणात जाऊन बसतो. आणि साठा अगदीच नसला तर पहिल्या धक्क्याला काम थांबते. २०११ च्या भूकंपानंतर टोयोटानेच इलेक्ट्रॉनिक चिपांचा काही महिन्यांचा साठा आपल्या पुरवठादारांकडे राखावयास लावला. शहाणपण शून्य साठ्यात नाही, माहीत असलेल्या साठ्यात आहे.

पेणच्या अर्धवट मालाने मजुराची झोप जाते. रोह्याच्या अर्धवट मालाने जीव जाऊ शकतो. कुंडलिकेच्या काठी धाटावची औद्योगिक वसाहत मुख्यतः रसायनांची. रसायनाच्या कारखान्यात मधला माल फळीवर दिसत नाही. तो टाकीत, पिंपात, रिॲक्टरमध्ये असतो. एका पदार्थापासून दुसरा, दुसऱ्यापासून तिसरा, अशी साखळी. मधल्या टप्प्यावरचा पदार्थ कित्येकदा पहिल्याहून आणि शेवटच्याहूनही घातक असतो. अशा ठिकाणी 'थोडा जास्त करून ठेवू, पुढे उपयोगी पडेल' हा विचार पेणच्या मूर्तीसारखा निरुपद्रवी राहत नाही.

भोपाळचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे, पण ते साठ्याचे उदाहरण आहे हे फार थोडे सांगतात. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री ज्या टाकीतून विषारी वायू सुटला, तीत मिथाइल आयसोसायनेट सुमारे ४० टन होते. हा विकावयाचा माल नव्हता. सेव्हिन या कीटकनाशकाच्या वाटेवरचा तो मधला पदार्थ होता. कीटकनाशकाचा खप घटला होता, कारखाना मंदावला होता, आणि अर्धवट माल मात्र टाकीत थांबला होता. हजारो माणसे मेली. ब्रिटनमध्ये १९७४ साली फ्लिक्सबरो येथे स्फोट होऊन २८ माणसे दगावली, तेव्हापासून ट्रेव्हर क्लेट्झ हे रसायन-अभियंते हेच सांगत होते. घातक पदार्थाला पहारे बसविण्यापेक्षा तो मुळातच थोडा ठेवावा, हे त्यांच्या सांगण्याचे सार. भोपाळनंतर काही कंपन्यांनी हा पदार्थ साठविणे सोडून, होईल तसा लगेच पुढच्या टप्प्यात वापरण्याची रीत घातली. म्हणजे ते आधीही जमण्यासारखे होते.

आपल्याकडे १९८७ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक मालाची हाताळणी, वाहतूक आणि साठवण यांतल्या धोक्यांची माहिती कामगारांना आणि आसपासच्या लोकांनाही देणे मालकावर बंधनकारक झाले. सुरक्षेच्या कामात कामगारांचा भाग आणि धोका दिसल्यास तो कळविण्याचा हक्क आला. १९८९ च्या नियमांनी कोणते रसायन किती साठविले म्हणजे कोणती बंधने लागतात, त्याच्या मर्यादा आखल्या. कारखाने कायद्याची जागाही २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या संहितेने घेतली, पण धोक्याची माहिती देण्याचे बंधन तिच्यातही आहे. कागद चांगला आहे. व्यवहारात एका कारखान्यात, ज्याचे नाव घेण्याचे कारण नाही, जाण्यायेण्याच्या वाटेवर पिंपे रचलेली पाहून कामगारांनी आत काय आणि किती आहे असे विचारले, तेव्हा तो धंद्याचा गुप्त भाग आहे असे उत्तर आम्ही स्वतः ऐकले आहे. जे पिंप फुटले तर सर्वांत आधी ज्याच्या अंगावर येणार, त्याच्यापासूनच ते गुप्त!

साठा मोजला जात नाही तेथे राज्यकर्त्यांचाही निर्णय चुकीच्या वेळी पडतो. १२ मे २०२० रोजी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्लास्टरच्या मूर्तींना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. नद्या-खाड्यांचा विचार करता हेतू योग्य होता. पण मे महिन्यात पेणच्या फळ्या भरलेल्या होत्या, आणि थोड्याच दिवसांत ती मनाई वर्षभर पुढे ढकलावी लागली. पुढे ३० जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ही तत्त्वे काटेकोर पाळण्यास सांगितले, आणि ९ जून २०२५ रोजी मूर्ती करण्यास व विकण्यास वाट दिली, मात्र नैसर्गिक जलाशयात विसर्जनास नाही. जानेवारी ते जून हेच तर कच्च्या मूर्तींचे महिने. त्या चार-सहा महिन्यांत फळीवरच्या मूर्तीला किंमत आहे की नाही, हेच कोणाला सांगता येईना. पाणी स्वच्छ राहिलेच पाहिजे, या मताचे आम्ही आहोत. पण बदलाची तारीख विसर्जनानंतर, साचे रिकामे असताना लागू करावी, एवढे तरी धंद्याच्या चालीकडे पाहून ठरविता येते.

या सर्वांतून आम्ही जे मागतो ते फार मोठे नाही. प्रत्येक कारखान्यात, मग तो हमरापूरच्या पडवीतला असो की धाटावच्या वसाहतीतला, एक फळा असावा. त्यावर रोज लिहावे, कोणत्या टप्प्यावर किती माल उभा आहे आणि तो किती दिवस थांबणार आहे. मूर्तीच्या कारखान्यात चार आकडे पुरतील. साच्यातून निघालेल्या, घासून झालेल्या, रंगाच्या वाटेवरच्या आणि तयार. रसायनाच्या कारखान्यात पदार्थाचे नाव, टाकी, वजन आणि धोका. आणि तो फळा मालकाच्या खोलीत न लावता कामाच्या जागी, कामगाराच्या नजरेला पडेल असा लावावा. १९७६ मध्ये घटनेत ४३-अ हे कलम घालून उद्योगाच्या व्यवस्थेत कामगारांना सहभाग द्यावा असे राज्याला सांगितले गेले. त्या सहभागाचा आरंभ मोठ्या सभागृहातून करण्यापेक्षा या फळ्यापासून करावा. शिवाय लहान व हंगामी धंद्यातल्या मजुरालाही साठ्यामुळे बुडालेल्या दिवसाची काही भरपाई मिळावी, यासाठी मूर्तिकारांनी, मजुरांनी आणि नगरपालिकेने एकत्र बसून एखादा निधी उभारावा. कायद्याची फट बुजेपर्यंत गावाने वाट पाहण्याचे कारण नाही.

अर्धवट माल म्हणजे अडकून पडलेले श्रम होत. ते कोणाचे, किती आणि किती दिवस, हे लिहिले गेले की त्याचे ओझे वाटून घेता येते. जोपर्यंत ते लिहिले जात नाही, तोपर्यंत ते ज्याला 'नाही' म्हणता येत नाही त्याच्याच खांद्यावर राहील.